झाकणं

केतकी शिंत्रे, इयत्ता नववी,
नायगावच्या वाचनालयात शेवटच्या रांगेतून उभी राहिली:
तुमच्या तिन्ही कादंबऱ्यांत सगळं गोलच का असतं?
कड्यासारखा किल्ला, तळ्याचा आरसा,
राणीच्या दंडातलं ते वळं,
जे काढलं की तिला स्वतःचं राज्य आठवत नाही?

मी घसा खाकरला.
वर्तुळाला आरंभ नाही, अंत नाही, म्हणालो.
शेपूट गिळणारा साप काढला, कालचक्र काढलं,
शून्यही काढलं, आपल्याकडचं म्हणून जरा ताठ बसून.
टाळ्या पडल्या. चहा आला, सोबत दोन खारी.
तिनं वहीत काहीच लिहून घेतलं नाही.

घरी चालत येताना,
कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या रांगेत
एका चाफ्याच्या बुंध्याभोवती
कुणीतरी वाकवून लावलेला पत्रा.
भोकाभोकांचा.
मी बोट घातलं त्यात.
अंगठासुद्धा गेला.

आई बामच्या बाटल्यांची झाकणं पाडायची.
शिवडीला, प्रेसवर, कायमची रातपाळी.
मस्टरवर नाव: सुलोचना रामजी घाग.
पत्रा आत जायचा सलग,
झाकणं निघून जायची गावोगावच्या डोकेदुखीवर,
आणि मागे उरलेली जाळी
किलोच्या भावानं भंगारात.
त्यातली एक तिनं मुकादमाकडून मागून आणली
आणि पश्चिमेच्या खिडकीला ठोकली.
गजांना पैसे पडतात.

रातपाळीचं माणूस दिवसा झोपतं.
एका खोलीत सहा वर्षांचा मुलगा असेल
तर त्यानं दिवसा नसावं.
भोवरा नाही, गोट्या नाहीत,
पाटीवर पेन्सिलसुद्धा करकरते.

साडेचारला ऊन यायचं त्या भोकांतून
आणि आईच्या पाठीवर चढायचं.
एकशे बारा ठिपके. मोजलेत मी, ओठ न हलवता.
नीट गोल नव्हतेच ते,
उतरत्या उन्हात लांबट व्हायचे, अंड्यासारखे.
एकेकात एकेक गाव वसवलं.
खांद्यावरच्यात राजा राहायचा, कारण तिथे हाड होतं.
कमरेच्या वळीत चोरांची दरी.
एका मुंगीला मी आठवडाभर
दूत म्हणून नेमलं होतं.
आईच्या श्वासाबरोबर सगळी राज्यं
वर यायची, खाली जायची.
भूकंप, भूकंप, असं कुणी ओरडायचं नाही.
त्या मुलखात ओरडायला बंदी होती.

सापाचं मी उगाच सांगितलं, केतकी.
गोल आमच्या घरी कधी आलेच नाहीत.
ते बाटल्यांवर जाऊन बसले.
आमच्याकडे आली ती त्यांची गेलेली जागा,
आणि ऊन काय, कुठूनही येतं.

माझ्या प्रत्येक पुस्तकात एक दरवाजा आहे.
तो त्यालाच उघडतो
जो झोपलेल्या पहारेकरणीला न जागवता ओलांडतो.
एका परीक्षणात याला मौनसाधना म्हटलं होतं.
कात्रण आहे माझ्याकडे, प्लॅस्टिकमध्ये.

कारखाना बंद पडला मी सातवीत असताना.
आई चारचौघींसारखी रात्री झोपू लागली,
आणि दिवसा माझ्याकडे बघू लागली.
दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.
मी अभ्यास आहे म्हणून
गॅलरीत जाऊन बसायचो.
पुढच्या दिवाळीला तिनं खिडकीला गज बसवून घेतले.
पत्रा कुठे गेला, विचारलं नाही.

आता ती नाही.
चौथ्या पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात
पहारेकरीण कूस बदलते,
डोळे उघडते,
आणि नायकाला म्हणते, जेवलास का रे?

सात महिने झाले.
नायक उंबऱ्यात उभा आहे.
त्याच्या हातात तलवार आहे
आणि ती कुठे ठेवावी
त्याला कळत नाहीये.